जुनं शिडाचं जहाज घ्यावं का? एका माणसाचे तीन सौदे

इयरफोन लावलेत? लोकलमध्ये असाल तर दाराशी लटकू नका, जरा आत सरका. आजची गोष्ट लांबची आहे, पण तिचा एक पाय आपल्या मुंबईत आहे.

सुरुवात आपल्याच किनाऱ्यावरून करू. जूनच्या तोंडावर कोकणातल्या कुठल्याही बंदरावर जा. होड्या आणि मचवे वाळूवर ओढून घेतलेले असतात. वर झापांचं छप्पर, आता पावसाळाभर आराम. त्या रांगेच्या टोकाला मात्र एखादा मचवा असा असतो, की त्याच्यावर कुणी झापंही टाकलेली नसतात. रंग उडालेला, फळ्यांच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतोय, डोलकाठी कधीच गेलेली. तुम्ही तिथे दोन मिनिटं जास्त रेंगाळलात, की मागून कुणीतरी विचारतंच, "घ्यायचाय का? स्वस्तात देतो."

झालं! डोक्यात सिनेमा सुरू. थोडी दुरुस्ती करू, नवं शीड लावू, मित्रांना घेऊन जाऊ, इन्स्टावर रील टाकू. जुनी बुलेट घेणाऱ्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक असेल. गाडी घेताना आपण तिची किंमत विचारतो, पण ती खरी किती खाते हे कळतं गॅरेजवाल्याकडे गेल्यावर.

आजच्या भागात आपण हाच प्रश्न मोठ्या आकारात बघणार आहोत. लाकडी, शिडाचं, मोडकळीला आलेलं जहाज घ्यावं की नाही? आपल्या गोष्टीतल्या माणसाने हा प्रश्न आयुष्यात तीनदा सोडवला. एकदा सपशेल फसला. एकदा त्याचं उत्तर इतकं बरोबर आलं, की आज दोनशे वर्षांनंतरही ते जहाज पाण्यावर आहे. आणि एकदा त्याने आपलं काम चोख केलं, पण त्याच्यामागे इतरांनी हात टेकले.

या माणसाचं नाव जेफ्री व्हीटली कॉब. वेल्समधला पैसेवाला गृहस्थ. जुन्या गोष्टींचं वेड घरातच होतं. वडिलांनी कॅल्डिकॉटचा पडका किल्ला विकत घेऊन दुरुस्त करून घेतला होता. वडिलांना किल्ले, मुलाला जहाजं!

सौदा पहिला: नाव मोठं

साल १८९२. ब्रिटिश नौदलाने 'फुद्रॉयाँ' नावाचं जुनं युद्धनौकेचं धूड भंगारात काढलं. १७९८ साली पाण्यात उतरवलेलं, ८० तोफांचं जहाज. हे काही साधंसुधं जहाज नव्हतं. १७९९-१८०० मध्ये खुद्द ॲडमिरल नेल्सन याच जहाजावरून आपल्या ताफ्याची सूत्रं हलवत होता. इंग्रजांच्या मनात नेल्सन म्हणजे काय, हे समजायचं असेल तर एवढंच लक्षात घ्या, की लंडनच्या ऐन मध्यावर, ट्रफाल्गर चौकात, उंचच उंच खांबावर त्याचा पुतळा आहे.

अशा माणसाचं जहाज नौदलाने भंगारवाल्याला विकलं आणि त्याने ते पुढे जर्मनीतल्या भंगारवाल्यांना विकलं. इंग्लंडमध्ये बोंबाबोंब झाली. शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल याने तर निषेधाची कविताच लिहिली. या सगळ्या गदारोळात पुढे आला आपला कॉब. त्याने ते जहाज परत विकत घेतलं.

देशाची अब्रू वाचली, टाळ्या पडल्या. आणि मग बिलं यायला लागली.

दुरुस्तीचा खर्च गेला २०,००० पौंडांच्या घरात. हा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कॉब श्रीमंत होता, पण पैशाची विहीर त्याच्याही घरी नव्हती. जहाजावर मुलांना खलाशीपणाचं शिक्षण द्यायचं, ही त्याची मूळ कल्पना. पण खर्च भरून काढायला त्याने आणखी एक शक्कल काढली. जहाज किनाऱ्यावरच्या पर्यटनाच्या गावांना न्यायचं आणि तिकीट लावून लोकांना दाखवायचं.

त्यासाठी जून १८९७ मध्ये जहाज ओढत ब्लॅकपूलला आणलं. ब्लॅकपूल म्हणजे त्या वेळच्या इंग्लिश कामगारांची सुट्टीतली चौपाटी. उघडा किनारा, गर्दी भरपूर, आसरा शून्य. १६ जूनला वादळ आलं. नांगराचा एक साखळदंड तुटला, दुसरा नांगर फरफटत गेला आणि जहाज थेट वाळूवर येऊन आदळलं. जाता जाता तिथल्या धक्क्याचंही नुकसान करून गेलं. लाइफबोटीने जहाजावरच्या सगळ्या २७ जणांना सुखरूप काढलं, हे नशीब.

जहाज मात्र निघालं नाही. ते होतं तसं २०० पौंडांना विकलं गेलं. हो, बरोबर ऐकलंत, २०,००० घातले आणि २०० आले. त्याच वर्षी डिसेंबरच्या वादळांनी उरलेलं मोडून टाकलं. लाकडाचं लोकांनी फर्निचर केलं. ब्लॅकपूलच्या फुटबॉल क्लबच्या संचालकांच्या खोलीला पुढे कितीतरी वर्षं याच जहाजाच्या लाकडाचं पॅनेलिंग होतं.

कॉब कुठे चुकला? जहाज घेतलं ही चूक नव्हती, असं मला वाटतं. चूक त्याच्या पुढची होती. विकत घेताना त्याने नाव बघितलं. वर्षानुवर्षं खर्च कसा भागवायचा, याचं उत्तर नंतर शोधायला घेतलं. आणि ते उत्तर जहाजाला सोसणारं नव्हतं. म्हाताऱ्या जहाजाला पैसे मिळवायला अशा जागी उभं केलं, जिथे धडधाकट जहाजानेही विचार केला असता.

सौदा दुसरा: लाकूड मोठं

आता कुणीही म्हणेल, हौस फिटली, बास. घरच्यांनी तर म्हटलंच असेल! पण त्याच १८९७ साली, मे महिन्यात, नौदलाने आणखी एक जुनं जहाज भंगारात काढलं होतं. नाव 'ट्रिंकोमाली'. नेल्सनचा याच्याशी काही संबंध नाही. एकही मोठी लढाई नावावर नाही. कॉनन डॉयलने याच्यासाठी कविता वगैरे लिहिली नाही. भंगारवाल्याने तोडायला घेण्याआधी कॉबने ते उचललं.

मंडळी, इथे आपण घड्याळ ८० वर्षं मागे फिरवू आणि मुंबईत येऊ. कारण हे जहाज बनलं होतं आपल्या फोर्टमध्ये, आज लायन गेटच्या आत जी नौदलाची गोदी आहे तिथे.

नेपोलियनशी लढता लढता ब्रिटनमधला ओक कमी पडायला लागला होता. एका मोठ्या युद्धनौकेला हजारो झाडं लागायची आणि ओक वाढायला शंभर वर्षं घेतो. मग इंग्रजांचं लक्ष मुंबईकडे गेलं. इथे १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या जहाजं बांधत होतं. 'ट्रिंकोमाली'च्या वेळी मुख्य जहाजबांधणीकार होते जमशेटजी बोमनजी वाडिया.

गंमत म्हणजे या जहाजाचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या नौकेवरून मुंबईला निघाले होते. वाटेत, डिसेंबर १८१२ मध्ये, अमेरिकन नौकेने 'जावा'ला गाठलं आणि तिचा निकाल लावला. नकाशे गेले समुद्रात. मग दुसरे मागवावे लागले. असं करत करत १८१६ साली काम सुरू झालं. पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी 'ट्रिंकोमाली' मुंबईच्या पाण्यात उतरली. सुमारे दीडशे फूट लांब, ४६ तोफांची. बांधायचा खर्च २३,००० पौंड.

आता तो मघाचा आकडा आठवा. १८९२ नंतर कॉबने जुन्या जहाजाच्या दुरुस्तीवर सुमारे २०,००० पौंड घातले. आणि १८१७ साली मुंबईत कोरी करकरीत नौका झाली २३,००० मध्ये! जहाजं वेगळी, काळ वेगळा, त्यामुळे अगदी सरळ तुलना नको. पण जुन्या लाकडाची दुरुस्ती म्हणजे काय प्रकरण असतं, याचा अंदाज येतो ना?

आणि आता खरा मुद्दा. 'ट्रिंकोमाली' बनली होती मलबारच्या सागवानाची. ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं, ते लोखंडी खिळे आणि बोल्ट हळूहळू खातं. खिळा गंजला की भोवतीचं लाकूड मऊ पडतं, फळी सैल होते, पाणी आत येतं. बाहेरून रंग मारलेला असतो म्हणून कळत नाही. सागवानात नैसर्गिक तेल असतं. ते लोखंडाला सांभाळून घेतं, कुजणं लांबवतं आणि लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यालाही दाद देत नाही. आपल्याकडे जुन्या वाड्यांचे खांब शंभर-दीडशे वर्षांनीही ठणठणीत का असतात, त्याचं कारण हेच.

म्हणजे बघा, पहिल्या वेळी कॉबने इतिहासाने भारलेला ओक घेतला. दुसऱ्या वेळी त्याच्या हाती लागला बिननावाचा सागवान. त्याने हा हिशोब किती मुद्दाम केला, ते आपण सोडून देऊ. पण निकाल लाकडानेच लावला.

तसं या जहाजाचं नशीब आधीपासून विचित्र. १८१९ मध्ये ते इंग्लंडला पोचलं तेव्हा नेपोलियन कधीच हरला होता. येताना वाटेत ते सेंट हेलेना बेटावर थांबलं, तिथेच तो कैदेत होता. युद्ध नाही म्हटल्यावर नौदलाने जहाज सरळ बाजूला ठेवून दिलं, ते १८४५ पर्यंत! मग डागडुजी, नव्या तोफा, दहा वर्षं अटलांटिक आणि पॅसिफिकमध्ये चाकरी. नंतर इंग्लंडच्या बंदरांत शिकाऊ खलाशांची शाळा. आणि ८० वर्षांनी भंगार.

कॉबने ते घेतलं, दुरुस्त केलं आणि त्याला आपल्या बुडालेल्या जहाजाचं नाव दिलं, 'फुद्रॉयाँ'. म्हणजे मुंबईची पोरगी, नाव मात्र नेल्सनच्या जहाजाचं! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते फॅल्मथच्या बंदरात उभं राहिलं. ब्लॅकपूलसारखी उघडी चौपाटी नाही, चांगलं आसऱ्याचं बंदर. तिकीट लावून गावोगाव फिरवणं बंद. जहाजाला रोजचं काम मिळालं, मुलांना शिकवण्याचं. तिथे मुलं झोळ्यांत झोपायची, वल्ही मारायला, शिडं हाताळायला शिकायची.

हे 'रोजचं काम' फार महत्त्वाचं आहे. लाकडी जहाजाचा सगळ्यात मोठा शत्रू खारं पाणी नाही. खारं पाणी लाकडाला एका परीने टिकवतंच. घात करतं ते वरून गळणारं पावसाचं गोडं पाणी. डेकच्या फटीतून ते आत उतरतं, कोपऱ्यात साठतं आणि तिथे बुरशी धरते. आपले कोळी पावसाळ्यात होडीवर झापं घालतात ते उगाच नाही. ज्या जहाजावर रोज कुणीतरी झाडू मारतं, पाणी उपसतं, फट दिसली की बुजवतं, ते जगतं. ज्याच्यावर कुणी चढतच नाही, ते आतून संपतं.

सौदा तिसरा: मोठेपण पेलवेना

१९१२ साली कॉबकडे तिसरं जहाज आलं, 'इम्प्लॅकेबल'. हे मूळचं फ्रेंच. १८०० साली बांधलेलं, ७४ तोफांचं, नाव होतं 'द्युगे-त्रुएँ'. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत ते नेल्सनच्या विरुद्ध बाजूने लढलं. त्या दिवशी निसटलं, पण दोन आठवड्यांनी इंग्रजांच्या हाती लागलं. मग शंभर वर्षं इंग्रजांच्याच नौदलात. ट्रफाल्गर पाहिलेलं, अजून पाण्यावर असलेलं जहाज! याहून मोठी वस्तू कुठली?

कॉब होता तोवर त्याने ते सांभाळलं, लोकांकडून वर्गण्या काढून मोठ्या दुरुस्त्याही झाल्या. १९३१ साली कॉब गेला. पुढच्या वर्षी दोन्ही जहाजं पोर्ट्समथला आली आणि एकमेकांच्या शेजारी उभी राहिली. एक जगप्रसिद्ध, एक मुंबईची. मग दुसरं महायुद्ध आलं. दोन्ही जहाजं नौदलाने वापरली, आणि नीट दुरुस्ती करायला वेळही नव्हता, माणसंही नव्हती.

युद्ध संपलं तेव्हा 'इम्प्लॅकेबल'ची अवस्था बिकट होती. दुरुस्तीचा अंदाज निघाला दीड लाख पौंडांच्या पुढे. फ्रान्सला विचारलं, तुमचंच आहे, घेता का? फ्रान्स नको म्हणालं. आणि ब्रिटनची परिस्थिती कशी? शहरं बॉम्बने पडलेली, अन्नावर अजून रेशन. अशा वेळी जुन्या जहाजावर एवढा पैसा घालायचा की लोकांना घरं बांधून द्यायची? हा प्रश्न खोटा नव्हता. त्या वेळी 'नको' म्हणणारे सगळे इतिहासाचे दुश्मन होते, असं मला वाटत नाही.

२ डिसेंबर १९४९. जहाज ओढत खोल समुद्रात नेलं. त्याच्यावर इंग्लंड आणि फ्रान्स, दोघांचे झेंडे शेजारी शेजारी लावले. तळाशी सुरुंग लावून उडवले. पण म्हातारं लगेच बुडेचना. तळ फुटल्यावरही जवळजवळ तीन तास ते पाण्यावर राहिलं. सोबत आलेली माणसं बघत उभी. मग ते गेलं. जहाजाच्या मागच्या भागाची कोरीव गॅलरी आणि पुढची मूर्ती आधी काढून ठेवली होती, ती आज ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे.

त्या तीन तासांनी लोकांच्या मनाला चटका लावला. १९७९ साली जुनी जहाजं वाचवण्यासाठी 'वर्ल्ड शिप ट्रस्ट' ही संस्था निघाली, तेव्हा तिच्या घोषवाक्यात याच जहाजाचं नाव होतं. अर्थ एवढाच, की इम्प्लॅकेबलचं झालं तसं पुन्हा नको.

आणि शेजारची मुंबईवाली? ती तिथेच राहिली. मुलांना शिकवत राहिली, १९८६ पर्यंत! म्हणजे आपल्यापैकी काहींचे आईबाबा शाळेत होते तेव्हा, वाडियांनी बांधलेल्या डेकवर इंग्लंडची पोरं दोऱ्यांना गाठी मारत होती. १९८७ मध्ये ती हार्टलपूलला नेली. तिथे १९९० पासून मोठी दुरुस्ती सुरू झाली, ती २००१ मध्ये संपली. खर्च झाला १ कोटी ५ लाख पौंड. १९९२ मध्ये तिला तिचं मूळ नाव परत मिळालं, 'ट्रिंकोमाली'. आज ती ब्रिटनची पाण्यावर असलेली सगळ्यात जुनी युद्धनौका आहे. नेल्सनची 'व्हिक्टरी' तिच्याहून जुनी, पण ती सुक्या गोदीत उभी आहे. पाण्यावर तरंगतेय ती मुंबईची.

पण थांबा, सागवानाला सगळं श्रेय देऊन मोकळे होऊ नका. 'ट्रिंकोमाली'च्या आधी मुंबईतच, १८१६ मध्ये, त्याच नकाशाची एक बहीण पाण्यात उतरली होती, 'ॲम्फिट्राइटी'. तीच गोदी, तोच सागवान. ती १८७५ साली तोडली गेली. कारण तिला कॉब भेटला नाही. म्हणजे लाकूड चांगलं हवं आणि वेळेवर वेडा माणूसही हवा. दोघांपैकी एक असून चालत नाही.

मग, घ्यायचा का मचवा?

हाच प्रश्न आपल्या मुंबईपुढेही आला होता, लाकडाऐवजी पोलादाचा. आयएनएस विक्रांत. १९९७ मध्ये निवृत्त, मग काही वर्षं तरंगतं संग्रहालय, मग सुरक्षिततेच्या कारणावरून तेही २०१२ मध्ये बंद. सांभाळायचा खर्च कोण करणार, यावर घोळ चालू राहिला. शेवटी २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना भंगारात. तिच्या पोलादाचा काही भाग वितळवून 'बजाज व्ही' ही मोटारसायकल निघाली, तुमच्यापैकी कुणाकडे असेलही. 'फुद्रॉयाँ'चं फर्निचर झालं, 'विक्रांत'ची बाइक झाली. जहाज गेल्यावर आठवणीला काहीतरी हवं असतं माणसांना.

मला याचं वाईट वाटतं. पण कॉबचे तीन सौदे वाचल्यावर नुसतं "वाचवायला हवं होतं" म्हणायला जीभ रेटत नाही. प्रश्न विचारावा लागतो, की वाचवून मग काय? दरवर्षीचा खर्च कोण देणार, आणि रोज त्याच्यावर चढणार कोण?

म्हणून त्या किनाऱ्यावरच्या मचव्याकडे परत जाऊ. सोबत एखादा जुना सुतार घ्या. त्याच्या हातात चाकू द्या आणि त्याला तळाशी, फासळ्यांच्या टोकांशी, जिथे पाणी साठतं तिथे टोचून बघू द्या. पातं अडलं तर आशा आहे. लोण्यासारखं आत गेलं तर हात जोडा. मग लांब उभे राहून आडवं बघा. दोन्ही टोकं खाली झुकून मध्ये कुबड आलं असेल, तर कणाच थकलाय. एवढं पार पडलं तर किंमत विचारा. आणि किंमत ऐकली की तिच्याकडे दुर्लक्ष करून वहीत दुसराच आकडा लिहा, पुढची दहा वर्षं दर पावसाळ्याआधी किती लागणार तो.

सगळ्यात शेवटी स्वतःला विचारा, याला मी काम काय देणार? उत्तर 'फोटो' असेल तर राहू दे. तिथेच उभे राहून फोटो काढा, फुकट आहे. उत्तर 'दर रविवारी चार जणांना घेऊन जाईन' असं असेल, तर माझ्याकडून शुभेच्छा. आणि लाकूड सागवान निघालं तर मला नक्की कळवा, मीही येतो पाणी उपसायला.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि लायन गेटवरून गेलात तर क्षणभर त्या भिंतीकडे बघा. तिच्या आत बांधलेलं एक जहाज अजून पाण्यावर आहे.